रजोधर्म : विटाळ, वेदना व वस्त्र

वऱ्हाडचा इतिहास ज्यांनीं ज्यांनीं लिहिला त्यांनीं लढाया, जहागिऱ्या, वसुलाच्या पद्धति, देवळें, दुष्काळ आणि कापूस यांची नोंद मोठ्या काळजीनें घेतली आहे. परंतु त्या प्रांतांतील अर्ध्या प्रजेच्या आयुष्यांत तीस-पस्तीस वर्षें, दर महिन्यास चार-पांच दिवस, जी गोष्ट नेमानें घडत आली, तिच्याविषयीं त्या ग्रंथांत सहसा एक ओळहि आढळत नाहीं. 'कावळा शिवला', 'ती बाहेर बसली', 'तिला अडचण आहे' अशा आडपडद्याच्या शब्दांनीं घरांतच जिचा उल्लेख व्हावयाचा, ती बखरींत किंवा गॅझेटियरांत कोठून येणार? परंतु शब्द आडपडद्याचे असले म्हणून दुखणें कांहीं आडपडद्याचें होत नाहीं. पोटांत कळ येऊन जी मुलगी शाळेच्या बांकावर वांकून बसते, किंवा जी बाई कापूस वेंचतां वेंचतां डोळ्यांपुढें अंधारी येऊन बांधावर टेकते, तिची हकीकत हीहि इतिहासाचाच भाग होय. आणि विशेष हें कीं, या विषयाला ज्यांनीं प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हात घातला अशा तीन मराठी व्यक्तींचा संबंध आजच्या बुलढाणा जिल्ह्याशीं पोंचतो.

रजोधर्माच्या प्रश्नाचीं तीन अंगें आहेत असें आम्ही समजतों. पहिलें विटाळाचें, दुसरें वेदनेचें व अतिस्रावाचें, आणि तिसरें वस्त्राचें. हीं तिन्ही एकाच स्त्रीच्या देहावर येऊन पडतात. तथापि त्यांचे इतिहास निरनिराळे आहेत. एकाचा उलगडा झाला म्हणजे बाकीच्यांचा आपोआप होतो, असा जो समज सुशिक्षितांत आज रूढ होऊं पाहत आहे, तो आमच्या मतें टिकणारा नाहीं. तसें कां, हेंच पुढें दाखवावयाचें आहे.

प्रथम विटाळाचा विचार करूं. तैत्तिरीय संहितेंत अशी कथा आहे कीं, इंद्रानें विश्वरूपाचा वध केला. त्या ब्रह्महत्येचा तिसरा हिस्सा पृथ्वीनें, तिसरा वृक्षांनीं आणि तिसरा स्त्रियांनीं घेतला, व स्त्रियांच्या वांट्याचें तें पाप रजोरूपानें प्रकट होतें. पाप इंद्राचें आणि भोग स्त्रीचा, हा न्याय विलक्षण खरा; परंतु पुढील धर्मशास्त्रानें त्यावर निर्बंधांची मोठी इमारत रचली. आमच्याकडील भाद्रपद शुद्ध पंचमीचें ऋषिपंचमीचें व्रत हें त्याच इमारतीचें एक दालन होय. रजस्वला असतां नकळत झालेल्या स्पर्शदोषाचें क्षालन म्हणून स्त्रियांनीं त्या दिवशीं बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य करावयाचें. म्हणजे जो अपराध तिनें केलाच नाहीं त्याचें प्रायश्चित्त तिनें दरसाल घ्यावयाचें, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेला मराठींत पहिला स्पष्ट नकार तेराव्या शतकांत मिळाला. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांचा संचार मेहकर व लोणार या दोन्ही ठिकाणीं झाल्याचें लीळाचरित्र सांगतें; हीं दोन्ही गांवें बुलढाणा जिल्ह्यांतील आहेत. स्त्रियांना शिष्या म्हणून मोकळेपणानें जवळ करणाऱ्या या पुरुषाला विटाळाचा प्रश्न टाळतां येण्याजोगा नव्हताच. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, डोळे, नाक, कान इत्यादि देहद्वारांतून जसे निरनिराळे मळ वाहतात तसाच हाहि एक स्राव होय. तो वाहतो व थांबतो, त्यांत विटाळ मानण्याजोगें कांहीं नाहीं. यादवांच्या राज्यांत, जेथें हेमाद्रीसारखा व्रतांचा संग्राहक करणाधिप होता, तेथें हें बोलणें किती धाडसाचें होतें तें निराळें सांगावयास नको.

दुसरा स्वर सोयराबाईचा. चोखामेळ्याचें जन्मस्थान देऊळगांवराजा तालुक्यांतील मेहुणाराजा हें होय, अशी परंपरा आहे. त्याच्या या पत्नीनें आपल्या अभंगांतून असा प्रश्न केला कीं, प्रत्येक देहाची उत्पत्तिच जर विटाळांत आहे, तर सोंवळा म्हणून कोणास निवडावयाचें? चक्रधरांनीं स्त्रीच्या एका स्रावाचा विटाळ नाकारला. सोयराबाईनें त्याच युक्तीची धार जातीच्या विटाळाकडेहि वळविली. शिवाशीवीचा जाच जिनें दोन्ही बाजूंनीं सोसला होता तिलाच हें सुचावें हें स्वाभाविक होतें.

परंतु येथें एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. या दोघांनीं जो प्रश्न सोडविला तो 'ही स्त्री अपवित्र आहे काय?' हा होता; 'हिला दुखतें काय?' हा नव्हे. दुसरा प्रश्न वैद्यांचा, आणि वैद्यांनीं तो अगदींच सोडून दिला होता असें नाहीं. चरकसंहितेंत उदावर्ता या नांवाच्या विकाराचें वर्णन आहे. त्यांत रज मोठ्या कष्टानें सुटतें व तें सुटतांच तत्काळ बरें वाटतें, असें लक्षण दिलें आहे. अतिस्रावाला असृग्दर किंवा प्रदर अशीं नांवें असून त्यावर अशोकाची साल, लोध्र वगैरे औषधें सांगितलीं आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींच्या वैद्यास पाळीची वेदना हा एक ओळखण्याजोगा व उपचार करण्याजोगा विकार वाटत होता. पुढें मात्र 'बायकांचें तें असेंच असतें' या एका वाक्यानें घराघरांतून त्या ज्ञानावर पडदा पडला.

कोणी असें म्हणतात कीं, बाजूस बसण्याची चाल ही स्त्रीला विश्रांति मिळावी म्हणूनच निघाली. हें समर्थन ऐकावयास गोड आहे. परंतु कष्टकरी घरांतील रीत पाहिली म्हणजे तें टिकत नाहीं. तेथें तिला बंदी होती ती चुलीची, देवघराची व पाण्याच्या माठाची. निंदणीची, खुरपणीची, वेंचणीची बंदी नव्हती. ज्या कामानें इतरांना विटाळ होईल तें काम बंद, आणि ज्या कामानें तिची कंबर मोडेल तें चालू, अशी ही विश्रांति होती. विटाळाचा हेतु इतरांचें रक्षण हा होता, तिचें नव्हे.

तिसरें नांव ताराबाई शिंदे यांचें. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरांच्या कचेरींत नोकरीस असलेले बापूजी हरि शिंदे यांची ही कन्या. १८८१ सालीं सुरतेच्या न्यायालयांत विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस भ्रूणहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. ती पुढें अपिलांत कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून समग्र स्त्रीजातीवर जी झोड उठली तिला उत्तर म्हणून ताराबाईंनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध पुण्यांत छापून प्रसिद्ध केला. महात्मा फुले यांनीं 'सत्सारां'त त्यांची बाजू घेतली. पण एरवीं त्या पुस्तकाचा विसरच पडला, आणि १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रकाशांत आणलें. पाळीच्या विषयावर लिहिलेला हा ग्रंथ नव्हे. तरीहि आम्ही त्याचें नांव येथें घेतों याचें कारण असें कीं, स्त्रीच्या अंगीं लावलेले दोष हे स्वभावसिद्ध नसून ते लावणाऱ्याच्या सोयीचे आहेत, हें तपासून पाहण्याची रीत मराठींत एका स्त्रीनें प्रथम येथें दाखविली. आणि दुखणें सांगण्यासाठीं आधीं बोलण्याचा हक्क असावा लागतो.

तो हक्क त्या काळीं किती दुबळा होता हें १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वादांत दिसून आलें. मुलीचें संमतिवय दहावरून बारा करण्यास विरोध करणाऱ्यांचा मुख्य आधार असा कीं, प्रथम रजोदर्शन होतांच गर्भाधान झालेंच पाहिजे. मुलीच्या पहिल्या न्हाणाची तारीख सभांतून व वर्तमानपत्रांतून उघडपणें चर्चिली गेली. परंतु त्या न्हाणांत तिच्या जिवास काय होतें हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं. स्त्रीडॉक्टरांची गरज मात्र याच सुमारास समाजास कळूं लागली होती. १८८५ सालीं डफरिन फंडाची स्थापना झाली. १८८६ त आनंदीबाई जोशी यांनीं फिलाडेल्फियास हिंदु प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून एम. डी. पदवी मिळविली, पुढें रखमाबाईंनीं सुरत व राजकोट येथें आयुष्यभर स्त्रियांची चिकित्सा केली. तथापि ही सारी दृष्टि प्रामुख्यानें बाळंतपणावर खिळलेली राहिली. जी गर्भार नाहीं तिच्या पोटांतील कळ दवाखान्याच्या पायरीपर्यंत क्वचितच पोंचली.

आतां वस्त्राकडे वळूं. येथें आमच्या जिल्ह्याची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धानें वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे दिवस दाखविले. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत आगगाडीचा फांटा सुरू झाला, व त्या समारंभास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. खामगांवच्या बाजारांतून गठ्ठेच्या गठ्ठे मुंबईस व तेथून परदेशीं जात. परंतु ज्या बाईनें तो कापूस वेंचला तिच्या वांट्यास पाळीच्या दिवसांत काय येई? विरलेल्या लुगड्याचें जुनेर.

हें जुनेर मात्र हिणकस समजूं नये. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणासारखा पातळ थर असतो आणि तो पाणी झिडकारतो. नव्या कापडास त्यावर आणखी खळ असते. शस्त्रक्रियेचा कापूस करतांना तो क्षारांत उकळून हा थर काढावा लागतो. शेंकडों धुण्यांनीं मऊ झालेल्या लुगड्यांतून मेण व खळ दोन्ही निघून गेलेलीं असतात, म्हणून तें नव्या कापडापेक्षां अधिक शोषतें. आजीबाईंना हें रसायन ठाऊक नव्हतें, पण त्याचा परिणाम पक्का ठाऊक होता. दोष वस्त्रांत नव्हता. तो वाळवण्यांत होता. साबण लावून धुतलेलें फडकें कडक उन्हांत वाळलें म्हणजे पुष्कळ अंशीं निर्धोक होतें. परंतु तें उघड्या दोरीवर घालण्याची लाज. म्हणून न्हाणीच्या कोनाड्यांत, गोठ्याच्या वळचणीस किंवा दुसऱ्या लुगड्याखालीं दडवून तें ओलसरच राहावयाचें, व त्यापासून खाज आणि बुरशी यांचा उपद्रव व्हावयाचा. त्यांत पाण्याची टंचाई असली म्हणजे धुणेंहि अपुरें. वस्त्र निर्दोष असूनहि विटाळानें तें दूषित केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आज ज्याला पॅड म्हणतात त्याचा जन्म कापसाच्या उणिवेंतून झाला. पहिल्या महायुद्धांत जखमा बांधण्यास कापूस पुरेना, तेव्हां अमेरिकेंत लांकडाच्या लगद्यापासून एक शोषक पदार्थ वापरांत आला. लष्करी दवाखान्यांतील परिचारिकांनीं तो पाळीसाठींहि वापरून पाहिला. आणि युद्ध संपल्यावर १९२० च्या सुमारास 'कोटेक्स' या नांवानें तो बाजारांत आला. कोइमतूरचे अरुणाचलम् मुरुगानंतम् यांनीं स्वस्त पॅड बनविण्याचा ध्यास घेतला, तेव्हां आरंभीं त्यांनीं कापसावरच प्रयोग केले व ते फसले. मोठ्या कंपन्यांच्या पॅडमध्यें कापूस नसून झाडाचा लगदा असतो, हें त्यांना पुष्कळ दिवसांनीं उमगलें. त्यांच्या लहान यंत्रांनीं अनेक बचतगटांना धंदा दिला, आणि २०१६ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. कापसाच्या मुलखांतील मुलीनें परदेशी लगद्याचें पॅड विकत घ्यावें ही अर्थशास्त्राची गंमत होय; पण तिला त्यांत उणें वाटण्याचें कारण नाहीं.

सरकारनेंहि अलीकडे या अंगाकडे लक्ष दिलें आहे. महाराष्ट्रांत ८ मार्च २०१८ रोजीं 'अस्मिता' योजना सुरू झाली, व जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींस आठ पॅडांचा पुडा ५ रुपयांस देण्याचें ठरलें. त्याच वर्षीं जुलैंत पॅडवरील १२ टक्के वस्तु व सेवा कर रद्द झाला. २०१९ पासून जनऔषधि केंद्रांत १ रुपयास एक पॅड मिळूं लागलें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें १५ ते २४ वर्षें वयाच्या स्त्रियांत आरोग्यदृष्ट्या योग्य साधनें वापरणाऱ्यांचें प्रमाण २०१५-१६ मध्यें ५७.६ टक्के होतें, तें २०१९-२१ मध्यें ७७.३ टक्के झालें. ही प्रगति आम्ही थोडी समजत नाहीं. परंतु याच दुसऱ्या पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षयाचीं कारणें अनेक आहेत, त्यांत आहाराचें कारण मोठें आहे. तरी दर महिन्यास अंगांतून अति रक्त जाणें हें त्यांतील एक प्रमुख कारण होय, आणि पॅड रक्त टिपतें, थांबवीत नाहीं. वस्त्राचा प्रश्न सुटत आला म्हणून वेदनेचा सुटला असें जें आम्हांस वाटूं लागलें आहे, त्याचा फोलपणा या दोन आंकड्यांत दिसतो.

वेदनेचें कारण आतां शास्त्रास पुष्कळ अंशीं उलगडलें आहे. गर्भाशयाचें अस्तर सुटतांना प्रोस्टाग्लॅंडिन नांवाचीं द्रव्यें निर्माण होतात. त्यांच्या योगानें गर्भाशयाचा स्नायु आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा क्षणभर तुटतो आणि कळ येते. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन हीं औषधें त्या द्रव्यांची उत्पत्तिच रोखतात. म्हणून कळ असह्य होईपर्यंत थांबून तीं घेण्यापेक्षां आरंभींच, जेवणानंतर व ठरल्या अंतरानें घेणें अधिक गुणकारी असतें. मात्र ज्यांना जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा आहे त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून तीं घेऊं नयेत. ओटीपोटास शेक देण्याचा घरगुती उपाय शास्त्राच्या कसोटीसहि उतरला आहे. परंतु वर्षानुवर्षें वाढत जाणारी, पाळीच्या आधींपासून सुरू होणारी किंवा औषधास न जुमानणारी वेदना ही निराळ्या रोगाची खूण असूं शकते. तिची तपासणी झालीच पाहिजे.

अतिस्रावाचें माप पूर्वीं ८० मिलिलिटर मानीत. सर्वसाधारण स्राव ३० ते ४० मिलिलिटर असतो. २००७ सालीं इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य-मार्गदर्शक संस्थेनें माप बाजूस ठेवून, ज्या स्रावानें स्त्रीच्या नित्य व्यवहारास बाध येतो तो अतिस्राव, अशी व्याख्या केली. म्हणजे निर्णयाचा पहिला अधिकार स्त्रीच्या स्वतःच्या सांगण्यास मिळाला. दर एक-दोन तासांस पॅड भिजणें, रुपयाहून मोठ्या गांठी पडणें, सात दिवसांवर पाळी लांबणें, रात्रीं बदलण्यास उठावें लागणें, चालतांना धाप लागणें, हीं त्याचीं लक्षणें होत. कारणें कधीं गर्भाशयांतील गांठी, कधीं थायरॉइड, तर कधीं रक्त न गोठण्याचा जन्मजात दोष. १९२६ सालीं फिनलंडचे डॉ. फॉन विलेब्रांड यांनीं असा एक दोष ज्या मुलीवरून प्रथम वर्णिला, ती पुढें आपल्या चौथ्या पाळींतच रक्तस्रावानें दगावली. 'पहिल्या पहिल्यांदा असें व्हायचेंच' म्हणून मुलीची समजूत घालणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. उपायहि आहेत : जपानच्या उताको ओकामोतो यांनीं पतीसह शोधून १९६२ सालीं प्रसिद्ध केलेलें ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, लोहाच्या गोळ्या, आणि गर्भाशयांत बसविण्याचें संप्रेरकयुक्त साधन. बहुतेक जणींस शस्त्रक्रियेची गरजच पडत नाहीं.

असें असतां बीड जिल्ह्यांत काय झालें? २०१९ सालीं सरकारनें नेमलेल्या समितीनें ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. तोडीवर एक दिवसाचा खाडा झाला तर दंड, फडावर आडोसा नाहीं, धुण्यास पाणी नाहीं. तेव्हां पाळीच नको, पिशवीच काढून टाका, असा सल्ला देणारेहि निघाले आणि मानणाऱ्याहि निघाल्या. या बायकांना कोणी विटाळशी म्हणून दूर बसविलें नव्हतें. त्यांच्यापुरता विटाळ संपला होता; वेदना मात्र ऐकणारा कोणी नव्हता. आमच्या विवेचनाचें याहून दारुण प्रमाण दुसरें नाहीं.

साधनांच्या निवडीविषयीं दोन शब्द. धुण्यास पुरेसें पाणी व वाळविण्यास ऊन असेल तर सुती कापड आजहि उत्तम आहे. पॅड घेणाऱ्या मुलीनें सुवासिक प्रकार टाळावेत व चार ते सहा तासांनीं तें बदलावें; भारतीय मानक ब्यूरोनें त्याच्यासाठीं मानक ठरविलें आहे, त्याची खूण पुड्यावर पाहावी. कप हें साधन नवें वाटतें, पण लिओना चाल्मर्स यांनीं त्याचें पेटंट १९३७ सालींच घेतलें होतें. २०१९ सालीं ४३ अभ्यासांच्या एकत्र परीक्षणांत तो निर्धोक व गळतीच्या बाबतींत पॅडच्या तोडीचा ठरला. तो उकळून वर्षानुवर्षें वापरतां येतो, व पाण्याची बचत होते. अविवाहित मुलीनें तो वापरूं नये हा समज शरीरशास्त्रावर नसून कौमार्याच्या कल्पनेवर उभा आहे. कित्येक कपांवर मापाच्या रेघा असतात. त्यामुळें 'फार जातें' या मोघम शब्दाऐवजीं स्त्रीला डॉक्टरांपुढें आंकडा ठेवतां येतो, हा त्याचा गुण आम्हांस विशेष मोलाचा वाटतो.

सारांश, चक्रधर व सोयराबाई यांनीं विटाळाचें मूळ खणलें, ताराबाईंनीं बोलण्याचा मार्ग खुला केला, आणि वस्त्राची सोय यंत्रयुगानें व कांहीं अंशीं सरकारनें केली. राहिलें तें ऐकण्याचें काम, आणि त्यास मोठ्या द्रव्याची जरूर नाहीं. शाळेंत पॅडच्या पेटीशेजारीं एक वही ठेवावी. मुलींनीं तारीख, दिवस व बदललेल्या पॅडांची संख्या आपल्यापुरती लिहून ठेवण्याची संवय करावी. आशा सेविकेनें पुडा देतांना 'पुरतो का?' एवढें विचारावें, आणि 'पुरत नाहीं' असें उत्तर आलें तर दुसरा पुडा देऊन न थांबतां त्या मुलीचें हिमोग्लोबिन तपासण्याची व्यवस्था करावी. मेहकर, लोणार, मेहुणाराजा आणि बुलढाणा या गांवांना जो वारसा आहे तो पाहतां, ही अपेक्षा त्या जिल्ह्यापासून करण्यांत आम्ही अतिरेक करीत आहों असें आम्हांस वाटत नाहीं.